धरणारी सिस्टर

माझ्या नणंदेचे हात मोठे आहेत. दवाखान्यात तिला पुरुषांच्या मापाचे रबरी हातमोजे लागतात, आणि ते संपले की ती दिवसभर कुरकुरते. याच हातांमुळे मुलांच्या दवाखान्यात तिचं एक नाव पडलं होतं. कान-नाक-घसा विभागात कुणा मुलाच्या घशातून काही काढायचं असलं किंवा नाकातून नळी घालायची असली, की डॉक्टर म्हणायचे, "धरणाऱ्या सिस्टरना बोलवा." मुलाला चादरीत घट्ट गुंडाळायचं, एकीनं पाय, एकीनं डोकं आणि छाती-खांदे माझ्या नणंदेनं धरायचे. तिनं धरलेलं मूल हलत नसे. तीन मिनिटांत काम होई. अकरा वर्षं तिला या गोष्टीचा अभिमान होता, आणि का असू नये? हललेल्या मुलाला इजा होते.

मी तिला वन्सं म्हणते. लग्न झाल्यावर पडलेली हाक तशीच राहिली, बोलणं मात्र केव्हाच अगं-तुगंवर आलं. ती आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारण्याचा सगळ्यांचा उत्साह आता संपला आहे.

एकदा आम्ही दोघी भाजी घेत होतो. समोरून सात-आठ वर्षांचा मुलगा आईचं बोट धरून आला. वन्संला बघितलं आणि जागच्या जागी त्याची चड्डी ओली झाली. आई ओशाळली. "असं कधी करत नाही हो," म्हणत त्याला ओढून घेऊन गेली. वन्सं घरी आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, मला तो अजिबात आठवत नाही गं. कोण होता, काय झालं होतं, काही नाही. त्याला मात्र मी आठवते."

त्यानंतर ती भूल देणाऱ्या जुन्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागली. त्या बाई इंजेक्शनच्या आधी मुलांशी अशा काही बोलायच्या, की मूल अर्धं तिथंच निवायचं. त्यांनी तिला संमोहन शिकवलं. दोन वर्षं सुट्ट्यांच्या दिवशी वर्ग, परीक्षा, कागदपत्रं. मग विभागानं तिला व्हरांड्याच्या टोकाची जुनी चादरींची खोली दिली. स्टाफनं लगेच त्या खोलीचं नाव 'जादूचे प्रयोग' ठेवलं. घरी आमचे हे म्हणाले, "वा. आता तुझ्या वहिनीला संमोहित कर आणि सांग, रविवारी नवऱ्याला सातला उठवायचं नाही."

"दादा, संमोहनात माणूस मनाविरुद्ध काही करत नाही," वन्सं म्हणाली.

"मग उपयोग काय त्याचा?"

त्या खोलीत माझंही काम निघालं. मुलाबरोबर आई-बाप आत नकोत, पण मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीतही नको, असा नियम. म्हणून कोपऱ्यात तिसरं कुणीतरी हवं. त्यानं मुलाकडे बघायचं नाही, हाताला काम ठेवायचं. वन्संनं रीतसर परवानगी काढून मला बसवलं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी दोन तास मी तिथं कापडी पिशव्या शिवते. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं असं म्हणण्यापेक्षा ऐकलं म्हणणं खरं. मधूनमधून चोरून पाहिलंही.

मुलगी तेरा वर्षांची होती. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. सुट्टीत ती त्याच्याबरोबर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायची, त्यानं घट्ट केलेले बोल्ट पुन्हा तपासायची, म्हणून बाप तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. दवाखान्यातही तेच नाव चाललं. तीन महिन्यांपूर्वी शाळेत ताप आला, तिथल्या बाईंनी गोळी दिली, ती घशात अडकली. अर्धं मिनिट श्वास कोंडला, खोकली, गोळी बाहेर पडली. झालं एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पोळी नको म्हणाली. आठवड्याभरात भात सुटला. मग केळं, मग दाट सूप. दुर्बिणीनं घसा तपासला, स्वच्छ होता. तिला ते पटतही होतं. "घसा ठीक आहे, मला माहिती आहे," ती म्हणायची. "पण गिळायच्या वेळी तो मला विचारत नाही, आपोआप बंद होतो." आमच्याकडे आली तेव्हा दूध आणि गाळलेलं सूप, तेही स्ट्रॉनं, एका ग्लासाला तास. हातात घडी केलेला रुमाल असायचा. मला वाटलं सर्दी असेल. पण वन्संनं सांगितलं, ती थुंकीसुद्धा गिळत नाही.

पहिल्या दिवशी वन्संनं घशाचा विषयच काढला नाही. "लिफ्ट तुटून खाली पडते का गं?" एवढंच विचारलं. इन्स्पेक्टर पंचवीस मिनिटं बोलली. दोर किती असतात, वेग वाढला तर खालचे जबडे रुळाला कसे धरतात, सिनेमात दाखवतात ते कसं खोटं. त्या बोलण्यात दोनदा तिनं थुंकी गिळली. तिच्या लक्षात आलं नाही. माझी सुई थांबली होती.

मग वन्संनं तिला तिच्याच लिफ्टमधून खाली नेलं. संमोहन म्हणजे झोप नव्हे. मूल सगळं ऐकत असतं, फक्त बाकीच्या जगाचा आवाज कमी होतो. "डोळे मिट किंवा उघडे ठेव, तुझं तू ठरव. सातवा मजला. खांदे सैल. सहावा." तळाला पोचलं की मुलीनं उजव्या हाताचं बोट उचलायचं. तिसऱ्या खेपेला बोट उचललं गेलं आणि वन्संनं सांगितल्यावर तिनं दाट सूपचे चार चमचे गिळले. पाचव्या खेपेला दुधात भिजवलेलं बिस्कीट. वन्संनं तिला आपल्या आवाजातलं पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून दिलं. दुपारी आडवं पडून ऐकायचं. "ऐकताना खोलीत खाण्याची वस्तू नको," तिनं आईला दोनदा बजावलं. का नको, ते सांगितलं नाही. व्हरांड्यात पुढचं मूल थांबलं होतं.

पण वजन या गोष्टींसाठी थांबत नाही. मंगळवारी काटा एकोणतीस किलो चारशेवर आला. मोठ्या डॉक्टरांनी मुलीची नखं पाहिली, नाडी पाहिली आणि आईबापांना सरळ सांगितलं, "शुक्रवारी सकाळी पुन्हा वजन. एकोणतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालायची. हृदयावर ताण येतोय, मी वाट बघू शकत नाही." डॉक्टर वाईट माणूस नव्हता. बरोबरच बोलत होता. जाता जाता वन्संच्या दारात थांबला. "सिस्टर, तशी वेळ आली तर धरायला तुम्हीच या. ही मुलगी झगडणार."

वन्संनं "बरं" म्हटलं. घरी तिनं जेवण अर्ध्यावर सोडलं. "नळीला माझा विरोध नाही," ती ताट बाजूला सारत म्हणाली. "जीव वाचतो नळीनं. पण घशाला भिणाऱ्या पोरीच्या घशातून ती जाणार, आणि धरणारी मी. त्यानंतर ती माझ्या खोलीत येईल? कुणाच्याही खोलीत येईल?"

बुधवारी इन्स्पेक्टर आली, खुर्चीत बसली. वन्संनं नेहमीसारखी सुरुवात केली. "सातवा मजला. खांदे..."

मुलीचा हात गळ्याकडे गेला. मान ताठ झाली, ओठ घट्ट मिटले, मग रुमाल तोंडाशी. वन्सं थांबली. थोड्या वेळानं पुन्हा, आणखी हळू, "सातवा..." मुलगी खुर्चीतून अर्धी उठली. तिचं नाक पांढरं पडलं होतं.

"काय होतंय, बेटा?"

"तुम्ही बोलला की घसा बंद होतो."

"माझ्या बोलण्यानं?"

मुलगी रुमालाकडे बघत म्हणाली, "आई जेवताना लावते तुमचा आवाज. काल दिवसभर लावला. 'घसा मऊ होतोय' तेवढंच. पुन्हा, पुन्हा. आणि चमचा धरून बसते."

मी पिशवीवरून मान वर केली नाही. नियम होता म्हणून नव्हे, वन्संचा चेहरा बघवला नसता म्हणून.

आई बाहेर बाकावर होती. वन्संनं दार अर्धवट लोटलं, पण मला सगळं ऐकू येत होतं. ती बाई एका मोठ्या कचेरीत रेकॉर्ड केलेली भाषणं, जबान्या ऐकून टाइप करायची. कानाला यंत्र, पायाखाली पट्टी. शब्द नीट लागला नाही की पाय दाबून मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं, लागेपर्यंत. अठरा वर्षं तिनं हेच केलं होतं. तिच्या दृष्टीनं न समजलेल्या वाक्यावर दुसरा इलाज नव्हता.

"मी ऑफिसमधलं यंत्र घरी आणलं," ती सांगत होती. "जिथं तुम्ही घशाबद्दल बोलता तेवढाच तुकडा काढला. म्हटलं, पंधरा मिनिटांत एकदाच येतं ते वाक्य. शुक्रवारपर्यंत किती वेळा ऐकणार ती? एका जेवणाला साठ-सत्तर वेळा लावलं."

"मी सांगितलं होतं, खाण्याजवळ नको."

"सांगितलं होतं. पण मला वाटलं ते सांडलवंड होऊ नये म्हणून."

वन्सं तिच्या शेजारी बाकावर बसली.

"ताई," वन्सं म्हणाली, "ती आडवी पडून माझा आवाज ऐकायची तेव्हा तिचं अंग सुटायचं. आता तोच आवाज आला की तिला चमचा दिसतो. माझा आवाज तिच्यासाठी बाद झाला."

"मग दुसऱ्या कुणाचा लावू?"

ती हे इतक्या कळकळीनं म्हणाली, की वन्संला रागावता आलं नाही. "नका लावू काही," ती म्हणाली. "चूक माझीही आहे. मी नियम दिला, कारण दिलं नाही. आज-उद्या तिच्या खाण्याच्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. जमेल?"

"नाही जमणार," आई म्हणाली. मग म्हणाली, "बसेन."

त्या संध्याकाळी वन्सं आमच्या स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिली. मी कणीक मळत होते. "उद्या काय करणार?" मी विचारलं.

"माझ्याकडे आवाजाशिवाय काय आहे, वहिनी?" ती म्हणाली. नळ नीट बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. "तिचा आवाज आहे. पण ती माझ्यासारखी शिकलेली नाही."

"लिफ्टबद्दल तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे," मी म्हटलं, आणि परातीकडे वळले. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळलं असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी इन्स्पेक्टर आली तेव्हा वन्सं मुलांच्या खुर्चीत बसली होती. मोठा देह, लहान खुर्ची, गुडघे वर आलेले. टेबलावर बशीत दोन साधी बिस्किटं होती. भिजवलेली नव्हती.

"आज मी बोलणार नाही," ती म्हणाली. "आज तू मला खाली न्यायचंस."

"मला नाही येत."

"लिफ्ट कुणाला येते? मला का तुला?"

मुलगी बराच वेळ उभीच होती. मग वन्संच्या गोल स्टुलावर बसली. वन्संनं डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले.

"सातवा मजला," मुलगी पुटपुटली. तिचा आवाज महिनाभर न वापरलेल्या बिजागरीसारखा होता. "नाही, थांबा. आधी दार. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दाराला कुलूप असतं आतून, ते बसलं की टक्‌ वाजतं. टक्‌ नाही वाजलं तर मोटरला वीजच जात नाही. मग तुम्ही कितीही बटणं दाबा."

"बरं," वन्सं डोळे मिटून म्हणाली.

"टक्‌. आता सातवा. सहावा. तुम्ही खांदे वर धरलेत."

वन्संनं खांदे सोडले. मुलगी मोजत राहिली. तिचा आवाज हळूहळू खाली, जड होत गेला. वन्संचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा सैल पाहिला नव्हता. ती नाटक करत नव्हती. तळाला पोचल्यावर तिचं बोट उचललं गेलं.

"आता?" वन्सं विचारत होती, पण झोपेतल्यासारखी.

"आता तुम्ही बिस्कीट खा."

"मला भीती वाटते. चुकून श्वासाच्या वाटेत गेलं तर?"

हे तिनं मुलीच्या तोंडचंच वाक्य उचललं होतं. मुलगी चटकन म्हणाली, "नाही जाणार. दुर्बिणीवाल्या डॉक्टरांनी चित्र दाखवलं ना. श्वासाच्या वाटेवर झाकण असतं. ते आधी बसतं, मग..." ती थांबली.

खोलीत बाहेरच्या चाकाच्या खुर्चीचा करकर आवाज येत होता. तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला.

"मग?" वन्संनं विचारलं.

"झाकण बसल्याशिवाय खालची वाट उघडतच नाही," मुलगी सावकाश म्हणाली, वन्संला नव्हे. बशी सरकल्याचा आवाज झाला. बिस्कीट मोडलं. मी सुई कापडात खुपसून तशीच धरून ठेवली. चावण्याचा आवाज आला. खूप वेळ. मग तो थांबला आणि काहीच नाही.

मग ती खोकली.

साधा ठसका नव्हता. घशातून ओढून काढल्यासारखा, एकामागून एक. स्टूल फरशीवर घासलं. मी वर पाहिलं. मुलीचा चेहरा लाल, डोळे बाहेर, एक हात टेबलावर, एक गळ्यावर. मी उठलेच. अर्धी पिशवी खाली पडली. आणि मला वन्सं दिसली. तिनं डोळे उघडले नव्हते. तिचे ते मोठे हात गुडघ्यांवर होते तिथंच होते, फक्त बोटं साडीत रुतली होती. तिनं मान किंचित हलवली, नाही अशी. ती माझ्यासाठी होती. मी उभीच राहिले.

खोकणारं मूल श्वास घेत असतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. खोकला ऐकू येतोय तोवर हात लावायचा नाही, थांबला तर एका क्षणात उठायचं. ती डोळे मिटून तेच ऐकत होती. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, ही पोर आता आमच्यासमोर जाते.

खोकला चारदा आला, मग दोनदा, मग एकदा. मुलीनं नाक पुसलं. श्वास घेतला. आणि तोंडात जे उरलं होतं ते, रुमाल हातात असूनही, तिनं गिळलं.

"गेलं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "कोपऱ्यातल्या काकू उभ्या राहिल्यात."

"त्यांना बसायला सांग," वन्सं म्हणाली.

"काकू, बसा."

मी बसले. तिनं ते बिस्कीट संपवलं. बावीस मिनिटं लागली. मग वन्संला एकेक मजला करून वर आणलं आणि सातव्यावर दार उघडून दिलं.

शुक्रवारी काटा अठ्ठावीस किलो नऊशेवर थांबला.

वन्संनं मलाही बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. मुलीला उतरवून पुन्हा चढवलं. तोच आकडा. आई भिंतीला टेकली. बाप कामाच्या कपड्यांतच आला होता. तो काट्याकडे असा बघत होता, जसा एखाद्या बिघडलेल्या वस्तूकडे बघतो.

"ठरल्याप्रमाणे," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, चला."

"काल तिनं घरी जाऊन केळं खाल्लं," वन्सं म्हणाली. "संध्याकाळी ब्रेड. पंधरा तासांत वजन दिसत नाही. सोमवारपर्यंत थांबा."

"खाल्लं हे कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर खाल्लं."

"सिस्टर, मी ऐकीव गोष्टीवर तिच्या हृदयाचा धोका घेऊ शकत नाही. माझ्यासमोर खाऊ दे."

"तुमच्यासमोर नाही खाणार ती. तुम्ही घशाकडे बघाल."

"मग मी नळी घालतो."

दोघंही खरं बोलत होते, आणि आवाज कुणाचाच चढलेला नव्हता, तेच जास्त भीतिदायक होतं. नळीचं पाकीट ट्रेमध्ये तयार होतं. नर्स चादर उलगडत होती. मुलगी त्या चादरीकडे बघत होती. मग आईच्या पिशवीतून केळं काढून ती म्हणाली, "भिंतीकडे तोंड करा."

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्यांनी. तुम्ही ऐका. बघू नका."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग वन्संकडे. ती आधीच वळली होती. तेही वळले. नर्स वळली, चादर हातात तशीच. आई, बाप, मी. सहा मोठी माणसं शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीकडे तोंड करून उभी. माझ्यासमोर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता होता. मी तो इतक्या वेळा वाचला, की आजही म्हणून दाखवीन. मागे केळ्याचं साल सोलल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग चावल्याचा. मग काही नाही. डॉक्टरांच्या हातातलं पेन टकटक करायचं थांबलं. माझ्या शेजारी आईचे ओठ हलत होते. काय म्हणत होती कळलं नाही. एक ठसका आला. कुणी वळलं नाही. पुन्हा चावल्याचा आवाज.

"वळा," मुलगी म्हणाली.

तिच्या हातात नुसतं साल होतं. डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, दोन्ही गाल पाहिले. मग टेबलावरचा कागद ओढला, 'नळी' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, सोमवार सकाळ. "सोमवारी आकडा वर हवा," ते म्हणाले. "नाहीतर मी भिंत बघत बसणार नाही."

सोमवारी आकडा दोनशे ग्रॅमनं वर आला. पुढे सगळं सरळ झालं असं नाही. चार महिने लागले, आणि गोळ्या ती अजून कुटूनच घेते. पण ती चादर त्या शुक्रवारी नर्सनं पुन्हा घडी केली, आणि वन्संनं तिच्या हातातून घेऊन कपाटात ठेवली.

आम्ही निघालो तेव्हा कळलं, बाप अजून भिंतीकडेच तोंड करून उभा आहे.

"अहो," आई म्हणाली, "झालं. वळा आता."

"हो," तो भिंतीला म्हणाला. "एक मिनिट."